रांगेत उभं राहून घाबरा

टेबलाच्या आतल्या बाजूला बसायला लागून मला आता बरीच वर्षं झाली. आमची कंपनी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजच्या रोजगार मेळाव्याला मला पाठवते. मागे कंपनीच्या नावाचा फलक, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, आणि पलीकडे कडक इस्त्रीच्या कपड्यांत घामाघूम झालेली पोरं. परवा अशाच एका मेळाव्यात एक मुलगी समोरच्या खुर्चीत बसली. मी नाव विचारलं, तर तिनं आधी मान वळवून मागं पाहिलं. दोरीच्या पलीकडे तिची आई उभी होती. पर्स छातीशी धरलेली, भुवया वर चढलेल्या, ओठ हलताहेत. मुलीचं नाव मुलीच्या आधी आईच्या ओठांवर आलं होतं.

त्या मुलीला मी पुढं काय विचारलं ते आता आठवत नाही. दिवसभर मला जबलपूरच्या कुमुदमावशी आठवत राहिल्या.

कुमुदमावशी पोतनीस विजय नगरात आमच्या शेजारी राहायच्या. खरं म्हणजे आमचं काही नातं नव्हतं, पण आमच्या गल्लीत मराठी घरं मोजकीच, त्यामुळं प्रत्येक बाई कोणाची तरी मावशी होतीच. बाकीची गल्ली त्यांना पोतनीस आंटी म्हणायची. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. फोनवरचा त्यांचा आवाज ऐकून कोणालाही वाटावं, ही बाई आयुष्यात कधी कशाला भ्यालेली नाही. पण दारात अनोळखी माणूस उभा राहिला की मावशी पदर सावरत आत जायच्या आणि मुलीला, नीलूला, पुढं करायच्या. नीलू त्यांच्याहून भित्री. ती गच्चीवरून मला हाक मारायची. मीटर बघायला आलेल्या माणसाशी पोतनिसांच्या वतीनं मीच बोलायची, हे आमच्याकडं ठरूनच गेलं होतं.

काळजी करणं ही मावशींची मुख्य नोकरी होती, टेलिफोन हा जोडधंदा. कोपऱ्यापर्यंत गेल्या की गॅस बंद केला का ते पाहायला परत यायच्या, आणि गॅस बंद दिसला की मग कुलूप नीट लागलं का ही काळजी सुरू व्हायची. संध्याकाळची गाडी असेल तर दुपारचं जेवण स्टेशनवर. ढग आले की छत्री, ढग नसले तर ऊन लागेल म्हणून छत्री. नीलूचे बाबा नीलू लहान असतानाच स्कूटरच्या अपघातात गेले होते, त्यामुळं त्यांच्या काळजीला कोणी फार हसायचं नाही. हसलं तरी पाठीमागं हसायचं.

अशा बाईनं गल्लीतल्या तरुण पोरांना रोजगार मेळ्याला न्यायचं काम अंगावर घ्यावं, याचं आम्हाला तेव्हा नवल वाटलं नाही. आता वाटतं. त्या काळात हे मेळे आमच्या गावात नव्यानंच भरायला लागले होते. आमच्या वडिलांच्या पिढीला नोकरी म्हणजे कारखाना, रेल्वे, बँक, आणि परीक्षेचा निकाल पोस्टानं. आता कंपन्याच शामियाना ठोकून गावात यायच्या आणि तोंडासमोर बसवून विचारायच्या, सांगा तुमच्याबद्दल. स्वतःबद्दल सांगायची सवय आम्हाला कुठं होती? आमच्याबद्दल आमचे वडील सांगायचे.

मावशींनी आम्हाला गोळा केलं. मी होते, पलीकडच्या घरातला श्रीकांत होता, आणखी दोघं-चौघं यायची जायची. नीलू तर घरचीच. मेळ्याच्या आदल्या दिवशी मावशी अर्धी रजा टाकायच्या आणि आम्हाला रिक्षात कोंबून मैदान दाखवायला न्यायच्या. तिथं अजून बांबू ठोकायचं चाललेलं असायचं. मावशी अनोळखी माणसांशी बोलत नसत, पण त्या दिवशी बोलायच्या. मंडपवाल्याला गाठून विचारायच्या, "भैया, पानी की टंकी किधर लगेगी? और लेडीज बाथरूम?" मंडपवाला वैतागून कुठं तरी हात करायचा. मावशी तिकडं स्वतः चालत जाऊन पाहून यायच्या. मग सावली कुठं पडेल, कोणत्या फाटकातून आत यायचं, गर्दी झाली तर कोणत्या झाडाखाली भेटायचं.

"मावशी, हे आज काहून पाहून राहिलो आपण?" श्रीकांतनं एकदा कुरकुर केली. "उद्या दिसेलच ना."

"उद्या भीती वाटणारच आहे बेटा," मावशी म्हणाल्या. "निदान बाथरूम कुठं आहे याची भीती तर आज काढून टाकू."

मग त्यांच्या घरी तालीम. गच्चीवर, उन्हं उतरल्यावर. पापडाचं वाळवण एका बाजूला सरकवून मावशी दोन स्टुलं समोरासमोर मांडायच्या. एकावर त्या, नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेऊन, कंपनीचे साहेब. दुसऱ्यावर आम्ही आळीपाळीनं. त्यांचे नियम पाठ होते आम्हाला. मैत्रिणीचा हात धरून स्टॉलपाशी जायचं नाही, कारण दोघींना एकत्र पाहिलं की साहेबाला एकीचाही चेहरा लक्षात राहत नाही. नवी चप्पल घालायची नाही. उपाशी जायचं नाही, आणि पोटभर खाऊनही जायचं नाही. कंपनीवाले फुकट पिशव्या, पेनं, टोप्या वाटतात, त्यांच्यामागं धावायचं नाही. "पिशव्या गोळा करायला आलो का आपण? संक्रांतीचं वाण आहे का ते?" समोरच्यानं काही विचारलं तर उत्तर द्यायचं, पण उठायच्या आधी आपणही एक प्रश्न विचारायचा. काम काय असतं, दिवस कसा जातो, असा. "तो माणूस सकाळपासून प्रश्न विचारून विचारून कंटाळलेला असते. त्यालाही कोणी विचारलं तर बरं वाटते बिचाऱ्याला."

आणि त्यांचा सगळ्यात लाडका नियम म्हणजे चूळ भरायचा स्टॉल. आत गेल्या गेल्या मनातल्या कंपनीकडं जायचंच नाही. जिथं आपल्याला नोकरी नकोच आहे, असा एखादा स्टॉल गाठायचा. तिथं बसायचं, बोलायचं, चुकायचं, जीभ अडखळली तर अडखळू द्यायची. सकाळी उठल्यावर माणूस चूळ भरतो आणि मग चहा घेतो, तसं. मी आज टेबलाच्या आत बसून सांगते, याहून चांगला सल्ला मला नंतर कोणी दिला नाही. सकाळी सकाळी माझ्याकडं उगीच येऊन बसणारी पोरं मला लगेच ओळखू येतात. मी त्यांना मनसोक्त चूळ भरू देते.

श्रीकांतची तालीम नेहमी एकाच जागी अडायची. तो स्टुलावर बसला की घाम पुसायला लागायचा. "मावशी, मला फार भीती वाटून राहिली. मी पुढच्या वर्षी जातो ना."

"वाटून राहिली ना? वाटू दे," मावशी म्हणायच्या. "मला तर आत्ता इथं बसल्या बसल्या खाली गॅस चालू राहिला असं वाटून राहिलं. घाबरायचं तर घाबरा, बाप्पा. पण रांगेत उभं राहून घाबरा. घरी बसून घाबरलं तर नंबर नाही लागत." आणि खरंच खाली जाऊन गॅस पाहून यायच्या.

त्यांचे सगळेच सल्ले बरोबर निघाले असं मात्र नाही. एक तर पार अंगाशी आला. आमच्याकडच्या जुन्या मराठी घरांत ओळख करून द्यायची एक रीत होती. नाव, मग वडिलांचं नाव, मग मूळ गाव. दोन मराठी माणसं जबलपुरात पहिल्यांदा भेटली की आधी प्रश्न यायचा, "तुम्ही मूळचे कुठले?" आणि ज्याचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत कधी काळी इकडं आले, तोही न अडखळता सांगायचा, मूळचे वाईचे. ते वाई त्यानं पाहिलेलं नसायचं, त्याच्या आजोबांनीही पाहिलेलं नसायचं. पण रेशनकार्डावर घराचा पत्ता असावा तसं ते गाव घरात असायचं. मावशींनी तालमीत तीच रीत शिकवली. पुण्याची एक कंपनी येणार होती. "मराठी माणूस असला समोर तर त्याला मूळ गाव सांगायचं. आपलं माणूस वाटते."

श्रीकांत त्या पुण्याच्या स्टॉलवर गेला. मावशी, मी आणि नीलू दोरीपाशी उभ्या. त्यानं पाठ केल्याप्रमाणं सगळं म्हटलं, श्रीकांत अमुक तमुक, मूळचा वाईचा. समोरच्या साहेबांचा चेहरा एकदम खुलला. "अरे वा! मग काय, घरीच यायचंय की तुला! वाईत कुठं? घाटावर? कोण असतं तिथं आता?"

श्रीकांतची ताठ झालेली पाठ आम्हाला लांबून दिसत होती, बोलणं त्यानं नंतर सांगितलं. घाटावर म्हटलं की त्याला नर्मदेचा ग्वारीघाटच माहीत. तो म्हणाला, "जी, सब लोग इधरच असतात." साहेब म्हणाले, "मग गावी शेवटचा कधी गेला होतास?" श्रीकांत म्हणाला, "मी नाही गेलो. आम्ही आलो होतो." कधी आलो होतो, ते त्याला सांगता येईना. साहेबांना वाटलं, पोरगा बनवतो आहे. पुढची गोष्ट दोन मिनिटांत आटोपली.

मावशींनी ती रात्र कशी काढली असेल कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या श्रीकांतच्या आईकडं गेल्या आणि माझ्याच शिकवण्यानं तुमच्या पोराचं नुकसान झालं म्हणून उभ्या उभ्या रडल्या. श्रीकांतला त्याचं फार काही वाटलेलं नव्हतं. पण त्या दिवसापासून तालमीतलं वाक्य बदललं. "मूळ गाव पुरे झालं. कुठले विचारलं तर जबलपूरचे म्हणायचं. ज्या गावच्या टंकीचं पाणी पितो तेच आपलं गाव." श्रीकांतला पुढच्या मेळ्यात इथल्याच एका वाहनांच्या शोरूममध्ये नोकरी लागली. मावशींनी गल्लीत खोव्याची जलेबी वाटली आणि मग ती शिळी तर नव्हती ना, या काळजीत संध्याकाळपर्यंत घरोघरी पोटाची चौकशी करत फिरल्या.

एक एक जण मार्गाला लागत होता. राहिली होती नीलू.

नीलूबद्दल सांगायला हवं. घरात ती बोलायला लागली की हसून हसून पुरेवाट व्हायची. नकला करायची. आमच्या गल्लीतला एकही माणूस तिनं सोडला नव्हता. भाजीवाला, शाळेच्या मोठ्या बाई, माझे बाबा पेपर वाचताना करतात ते आवाज. मराठी सगळं समजायचं तिला, पण जीभ हिंदीत जास्त सैल. तालमीतही ती सगळ्यांत सरस होती. मेळ्यात मात्र खुर्चीपर्यंत जायची, बसायची, आणि समोरच्यानं पहिला शब्द काढला की मान वळवून आईकडं पाहायची. मावशी दोरीला धरून उभ्या. नीलूची मान पुन्हा पुढं यायची तेव्हा तोंड मिटलेलं असायचं. "सॉरी सर" म्हणून ती उठायची. एकदा झालं, परत झालं. मावशी तिला कधी रागावल्या नाहीत. घरी येताना रिक्षात त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहायच्या.

मला वाटायचं, होईल सावकाश. एवढी घाई काय आहे? मावशी नोकरीत होत्या, घर स्वतःचं होतं. घाई काय होती ते मला माघातल्या एका सत्यनारायणाच्या पूजेला कळलं.

पूजा पोतनिसांकडंच होती. त्या हिवाळ्यात मावशींना छातीत दुखून दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. त्यातून त्या बऱ्या झाल्या म्हणून पूजा. मी आणि नीलू स्वयंपाकघराच्या दारात बसून प्रसादाच्या वाट्या भरत होतो. बाहेरच्या खोलीत मावशींचे दीर, नाना, जेवण झाल्यावर सुपारी कातरत बसले होते. मनानं वाईट माणूस नव्हे. नेहमी मदतीला धावून यायचे. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही काहून एवढी दगदग करून राहिल्या त्या मेळ्याची? डॉक्टरनं आराम सांगितला ना? अन् नीलूची काय चिंता? तुमची सरकारी नोकरी आहे. देव न करो, उद्या काही बरंवाईट झालं, तर तिला अनुकंपावर खुर्ची मिळणारच. तुम्हाला नाही का मिळाली दादाच्या मागं?"

कोणी तरी पाण्याचा तांब्या मागितला आणि विषय बदलला. नाना चुकीचं बोलले असंही नव्हे. नोकरीत असताना माणूस गेला तर घरातल्या एकाला नोकरी मिळते, हे आमच्या सगळ्या घरांना माहीत होतं. मावशींची नोकरी तशीच होती. नीलूच्या बाबांचे दिवस झाले आणि मावशी त्यांच्याच खात्यात लागल्या.

पाहुणे गेल्यावर मी भांडी आवरायला थांबले. नीलू गच्चीवर गेली होती. मावशी ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"शुभा," त्या म्हणाल्या, "मला कधी कोणी मुलाखतीत प्रश्न नाही विचारला, माहिती आहे का तुला? मी तुम्हाला एवढं शिकवते, पण मी स्वतः कोणासमोर नाही बसली. पांढरी साडी नेसून गेली, सही केली, चलो, झाली नोकरी. ज्या साहेबानं कागद पुढं सरकवला त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. लाज वाटली असेल त्याला. इतकी वर्षं झाली, दर महिन्याला वाटते, हे त्यांच्या जाण्याचं खाऊन राहिलो आपण."

मी काही तरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "मावशी, नानांचं मनावर नका घेऊ."

"नानांचं नाही ग. नाना बोलून राहिले होते तेव्हा मी नीलूकडं पाहिलं. इथं बसली होती ना ती, तुझ्या बाजूला. तिच्या चेहऱ्यावर एक क्षण, फक्त एकच क्षण, हुश्श झालं." मावशींनी पदर तोंडाशी नेला. "तिला वाटलं, सुटलो. आता कोणासमोर बसायचं काम नाही. वाईट नाही ग माझी पोर. माझ्यावर जीव आहे तिचा. पण घाबरलेला माणूस मिळेल त्याच्या मागं लपते. माझी पोर माझ्या मरणाच्या मागं लपायला निघाली."

मग त्या एकदम ताठ झाल्या. "माझी खुर्ची तिला मिळायला नको. मी असताना, माझ्या डोळ्यांदेखत, तिच्या तोंडानं मिळवलेली नोकरी पाहिजे. कुठलीही असू दे."

तेव्हा मला समजलं की आमची तालीम, ते स्टूल, मैदानाची पाहणी, सगळं कोणासाठी होतं. एकट्या नीलूला नेलं असतं तर ती गेली नसती. म्हणून अख्खी गल्ली गोळा केली होती. आम्ही सगळे तिच्या सोबतीला जात होतो आणि वाटेत आमचं भलं होत होतं.

त्यानंतरचे दिवस मला अजून नको वाटतात. मावशी जिना चढताना मध्ये थांबल्या की मी उगीच त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला धावायची. त्यांच्या घरात रात्री बल्ब लागलेला दिसला की आई खिडकीशी जाऊन उभी राहायची. नीलूनं खाणं कमी केलं होतं. पुढचा मेळा उन्हाळ्याच्या तोंडावर होता आणि तो जवळ यावा की लांब जावा, हेच आम्हाला कळेनासं झालं होतं.

मेळ्याच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर तालीम झाली. श्रीकांत शोरूममधून सुटून मुद्दाम आला होता. तो साहेब झाला. वातावरण इतकं कोंदट झालं होतं की मीच म्हटलं, नीलू, नकला कर. तिनं नाही नाही म्हणत सुरुवात केली. श्रीकांतचा घाम पुसणं, माझं तोंड वर करून बोलणं. आम्ही हसायला लागलो तशी तिला रंगत आली. "अब आई," ती म्हणाली.

पाण्याच्या टाकीपाशी जाऊन ती उभी राहिली. पापडाचा डबा पर्ससारखा छातीशी धरला. भुवया वर गेल्या, मान थोडी पुढं आली, आणि ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. नाव, वडिलांचं नाव, जबलपूर, बीकॉम. मध्येच श्वास अडकला, डोळे मिटले, पुन्हा ओठ सुरू. श्रीकांत स्टुलावरून पडायचा राहिला. मावशीही हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता थांबल्या.

"मी अशी दिसते?"

नीलूनं डबा खाली ठेवला. "हो आई. मैं मुड़कर देखती हूँ तो मेरा जवाब तुम बोल रही होती हो. फिर मेरे पास बोलने को कुछ बचता ही नहीं."

"मग मागं काहून पाहते? नको पाहू."

"तुम खड़ी रहोगी तो देखूँगी ही."

"अच्छा. मी घरी थांबते उद्या."

"घर पे अकेली रहोगी?" नीलूचा आवाज बारीक झाला. "तबियत बिगड़ गई तो? मग तर माझ्या तोंडून एक शब्द नाही निघणार."

मावशी खाली वाकून पापड गोळा करायला लागल्या. वाळले नव्हते तेही उचलले.

दुसऱ्या दिवशी ऊन सकाळपासूनच चटके देत होतं. मावशींच्या पर्समध्ये लिंबू, ग्लुकोज, सेफ्टी पिना, रुमाल, सगळं होतं. ओमती चौकातल्या औषधांच्या दुकानातून आणलेली त्यांची गोळ्यांची पट्टीही होती. आम्ही ठरल्या फाटकातून आत गेलो. मंडपात पंखे फिरत होते आणि वारा कोणालाच लागत नव्हता. माझं काम लवकर आटोपलं. नागपूरच्या एका कंपनीनं मला पुढच्या फेरीला बोलावलं होतं, पण ते मी मावशींना अर्धवटच सांगितलं. त्यांचं लक्ष कुठं होतं!

नीलू आधी एका विम्याच्या स्टॉलवर चूळ भरायला गेली. बसली. समोरच्या माणसानं हसून काही विचारलं. नीलूची मान वळली. दोरीपाशी मावशी होत्या, पर्स छातीशी, आणि कितीही दाबले तरी ओठ हलायचे ते हललेच. नीलू उठून परत आली. चेहरा पांढराफटक. "आई, चलो घर. मुझसे नहीं होगा."

"पाणी पी," मावशी म्हणाल्या. एवढंच.

नीलूला ज्या ठिकाणी खरोखर जायचं होतं तो स्टॉल एका मोठ्या पॅथॉलॉजी लॅबचा होता. लोकांना फोन करून रिपोर्ट तयार झाल्याचं कळवायचं, त्यांच्या शंकांना उत्तरं द्यायची, असं काम. रांग लांब होती. नीलू रांगेत उभी राहिली, बोटं एकमेकांत गुंतवून, सरकत सरकत. मावशी दोरीपाशी गेल्या. मी त्यांच्या शेजारी. नीलूच्या पुढं एकच मुलगा उरला तेव्हा मावशींनी माझं मनगट धरलं. आणि मग त्या वळल्या. स्टॉलकडं पाठ करून, दोरीला टेकून, पाण्याच्या टाकीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

मला क्षणभर वाटलं चक्कर आली. "मावशी?"

"काही नाही झालं. तू पाहा तिकडं. मला सांग." लगेच म्हणाल्या, "नको, सांगू नको."

गर्दी आवरणारा एक कॉलेजचा मुलगा आला. "माताजी, स्टॉल उधर हैं."

"मालूम है बेटा," मावशी म्हणाल्या. "इसीलिए इधर देख रही हूँ."

नीलू खुर्चीत बसली. समोर एक जाडसर बाई होत्या, त्यांनी काही विचारलं. नीलूची मान वळली. तिनं आईकडं पाहिलं आणि तिला आईचा अंबाडा दिसला, घामानं भिजलेली ब्लाउजची पाठ दिसली. नीलू पाहतच राहिली. मला वाटलं, आता उठेल. मावशींच्या हाताची पकड इतकी घट्ट झाली की मनगटावर बोटं उमटली.

नीलूनं मान पुढं वळवली आणि बोलायला लागली.

"काय करून राहिली ती?" मावशींनी कुजबुजत विचारलं. "नको, नको सांगू."

"बोलून राहिली, मावशी."

"खरं सांग."

"हात हलवून बोलून राहिली. त्या बाई हसल्या."

मावशींनी मान डोलावली. वळल्या मात्र नाहीत. थोड्या वेळानं नीलू आमच्याकडं आली. आईच्या पाठीमागंच, दोरीच्या पलीकडे थांबली. "आई," ती म्हणाली, "वळू नको अजून. आत त्यांचे मोठे साहेब बसले आहेत, त्यांच्याशी बोलायला सांगितलं आहे." एवढं लांब मराठी वाक्य मी तिच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. मावशींनी मागं न पाहताच हात मागं केला. नीलूनं तो दाबला आणि गेली.

नीलूला ती नोकरी लागली, हे सांगून टाकते. अजून तिथंच आहे, आता बरीच मोठी झाली आहे. मावशींनी गोळ्या खात, जिन्यात थांबत थांबत, आपली नोकरी पुरी केली. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी हार घालून घेतला, खुर्ची स्वतःच्या हातानं मागं सरकवली आणि घरी आल्या, असं आईनं मला फोनवर सांगितलं. मी तोवर नागपूरला होते, आई-बाबाही पुढं माझ्याकडं आले, आणि माझं जबलपूर सुटलं. मावशी गेल्या तेव्हा नीलू त्यांच्याजवळ होती. मी पोचू शकले नाही.

म्हणून माझ्यापुरत्या त्या अजून त्या मैदानातच आहेत. नीलू आत गेल्यावर बाबा स्कूटर घेऊन मला न्यायला आले होते, मला निघावं लागलं. मावशींना सोडून जायला जीव होत नव्हता, पण त्यांनीच ढकललं, "जा तू, बाबा उन्हात उभे आहेत." फाटक पाण्याच्या टाकीकडच्याच बाजूला होतं, त्यामुळं तिथून वळून पाहिलं तेव्हा मला त्यांचा चेहरा दिसला. सगळा मेळा एका बाजूला तोंड करून उभा होता आणि कुमुदमावशी एकट्या दुसऱ्या बाजूला. भुवया होत्या तशाच वर चढलेल्या. पण ओठ घट्ट मिटलेले होते. मी हात हलवला. त्यांनी दोन्ही हातांनी पर्स धरली होती, म्हणून मानेनंच मला जा म्हटलं.